दोरीला बांधलेला चष्मा

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर मी उगाच तडकले. तू मीटिंगच्या गडबडीत होतीस, आणि मला तोंडी मुद्देसूद बोलता येत नाही हे तुझे बाबा लग्नापासून सांगतायत. म्हणून लिहिते.

तू सहज म्हणालीस, "आई, आमच्या अ‍ॅपमध्ये मराठी निवडणारे मोजकेच आहेत, पुढच्या रिलीजमधून काढून टाकतोय." काल दुपारी मी तुमचं अ‍ॅप उघडून बसले. कोपऱ्यात तीन रेघा, मग सेटिंग्ज, मग प्रेफरन्सेस, मग लँग्वेज. सगळं इंग्रजीत. म्हणजे ज्याला इंग्रजी येतं तोच मराठीपर्यंत पोचणार! मग मोजकेच निघतील, नाही तर काय? तुझा आकडा खोटा नाही गं. पण लोकांना काय हवंय हे त्यातून कळत नाही, तुम्ही बटण कुठे दडवलंत तेवढं कळतं.

तू प्रॉडक्ट मॅनेजर आहेस म्हणजे नेमकं काय करतेस, हे मला अजून शेजारच्या काकूंना धड सांगता येत नाही. पण मी नागपूरच्या महाल भागातल्या बँकेच्या शाखेत कॅशच्या खिडकीत बसून उभी नोकरी काढली. आमच्या काउंटरवर दोरीला बांधलेला एक चष्मा होता, आठवतो? शिपायाने बांधला होता. काचांवर ओरखडे, नंबर कोणालाच बरोबर नाही. पण पेन्शनवाले आजोबा, जे स्लिप भरायला दर वेळी कोणाची तरी मनधरणी करायचे, ते चष्मा लावून स्वतः आकडा लिहायला लागले. किती काढतोय हे आता शेजाऱ्याला कळत नव्हतं. तो चष्मा हेड ऑफिसच्या कुठल्याच कागदावर नव्हता.

गोकुळपेठ बाजारातली आपली भाजीवाली मावशी तुला माहीत आहे. ऑगस्ट 2014 मध्ये जनधन सुरू झालं तेव्हा तिचा फॉर्म मीच भरला होता. देशभरात अशी पन्नास कोटींवर खाती झाली, त्यांतली निम्म्याहून जास्त बायकांची. आता तिच्या गाड्यावर पैसे आले की बोलणारा डबाही आहे. मेथी निवडताना हात ओले, फोन बघायचा कसा? आवाज आला की झालं, कोणी खोटा स्क्रीनशॉट दाखवून जात नाही. ज्याला हे सुचलं तो नक्की कधीतरी बाजारात उभा राहिला असणार. मी कौतुक केलं तर मावशी म्हणाली, "डब्बा माहा, पैसे त्याईच्या खात्यात." घरात फोन एकच, नंबर नवऱ्याचा, म्हणून डबा त्याच्या खात्याला जोडलेला. दिवसभर तिच्या कानाशी ओरडतो, आणि संध्याकाळी तिला त्याच्यापुढे हात पसरावा लागतो. माणशी एक फोन, असं कोणीतरी एसीत बसून धरून चाललं होतं.

उलटही होतं. केनियात एम-पेसाची, म्हणजे फोनवरून पैसे देण्याच्या सेवेची, चाचणी झाली ती छोट्या कर्जाचे हप्ते फेडण्यासाठी. लोक मात्र त्यातून एकमेकांना पैसे पाठवायला लागले. करणाऱ्यांनी ते पाहिलं, आणि 2007 साली 'घरी पैसे पाठवा' म्हणूनच ते बाजारात आणलं. आपल्याकडे यूपीआय 2016 ला आलं, पण साध्या बटणांच्या फोनवरून त्यातून सहज पैसे देण्याची सोय यायला मार्च 2022 उजाडला; त्याआधी होती ती *99# ची किचकट सोय. मधली सहा वर्षं ती माणसं जवळजवळ कोणाच्याच आकड्यात नव्हती.

आणि राईनपाडा? जुलै 2018, आपलाच धुळे जिल्हा. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा फोनाफोनी फिरली, आणि भिक्षा मागायला आलेल्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करता येईल आणि फोटो-व्हिडिओशेजारचं झटपट फॉरवर्डचं बटण काढू असं जाहीर केलं. मारणारे हात माणसांचेच होते, बटणाचे नव्हते. तरी ते बटण तिथे असावं हे आधी कोणीतरी ठरवलंच होतं ना?

तुझ्यावरही वरून दबाव असणार, मला कळतं. तीन महिन्यांनी आकडे दाखवायचे असतात. आम्हालाही मार्चएंड होताच. पण मराठी काढण्याआधी एकदा भाषा पहिल्याच पानावर विचारून बघ, महिनाभर. तरीही कोणी निवडली नाही तर काढ, मी बोलणार नाही.

आज सकाळी मावशीच्या हातात माझा फोन दिला आणि म्हटलं, यात मराठी शोध. तिने तीन रेघांवर बोट ठेवलं, थांबली, आणि फोन परत दिला. म्हणाली, "तुमच्या पोरीले इचारा."

म्हणून विचारतेय. रविवारी फोन कर.

तुझी आई