नवव्या पानावरच्या दोघी

कोल्हापूर

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या कॉमिकची पानं मिळाली. फोनवर नीट दिसेनात म्हणून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणली आणि जेवणाच्या टेबलावर ओळीनं मांडली. बाबा सध्या ओट्यापाशी उभे राहून जेवतात.

रेघ तुझी चांगली आहे. हे आई म्हणून म्हणत नाही. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या पोरांची चित्रं तपासण्यात माझा जन्म गेलाय. अडचण नवव्या पानावर आहे. तिथे त्या दोघी मैत्रिणी पावसात पळतात, केस चिकटलेले, एकीचा चष्मा पिशवीत गेलेला, आणि कोण कुठली ते कळेना. तू म्हणशील, रंग भरल्यावर कळेल. नाही कळणार. रंगाच्या भरवशावर काढलेलं पात्र अंधार पडला की हरवतं, आणि तुझ्या गोष्टीत निम्मा वेळ रात्रच आहे.

माझं पहिलं कॉमिक नेमकं ह्याच पेचावर उभं होतं. तू ते पाहिलंयस, पण बहुधा त्यावर क्रेयॉन फिरवण्यापुरतंच.

तेव्हा अमर चित्र कथा जोरात होती. अनंत पैंनी १९६७ साली सुरू केलेली ती मालिका घराघरांत पोचली होती आणि राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम ह्यांची पानं समोर ठेवून आम्ही कॉलेजात हात घोटायचो. ते यश बघून छोटे प्रकाशकही त्या धंद्यात उतरले. अशाच एकाकडून मला पन्हाळ्याच्या वेढ्याची गोष्ट आली. ३२ पानं, टाइप केलेली संहिता, प्रत्येक चौकटीत काय दिसायला हवं ते लिहिलेलं. (पैशांचं विचारू नकोस. निम्मे आले, निम्म्यांसाठी चपला झिजवल्या.)

गोष्ट तुला पाठ आहे. १६६० सालचा आषाढ, सिद्दी जौहरचा वेढा, पालखीत महाराजांच्या वेषात बसलेला शिवा काशीद आणि खरे महाराज बाजीप्रभूंबरोबर विशाळगडाच्या वाटेला. कादंबरीकाराला ह्यात काहीच अवघड नाही. नाव लिहिलं की तो मोकळा. नाटकात दोन नट असतात. कॉमिकात दोघांना काढणारा हात एकच. सिद्दीच्या माणसांना शिवा म्हणजेच महाराज वाटले पाहिजेत, आणि चौथीतल्या पोराला मात्र बघताक्षणी कळलं पाहिजे की हा शिवा. संहितेत त्यावर एवढंच होतं, ‘दोघे हुबेहूब सारखे’. लिहिणाऱ्याचं काय जातंय!

महाराजांच्या चेहऱ्याला आधार होता. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ साली उजेडात आणलेलं चित्र तोवर सगळ्यांच्या ओळखीचं झालं होतं. लांब नाक, निमुळती दाढी. पण एका चित्रात चेहरा एकाच बाजूनं दिसतो आणि कॉमिकात तोच माणूस वरून, खालून, पाठमोरा, दिवटीच्या उजेडात असा पानोपानी काढावा लागतो. मग कुंभार गल्लीतून शाडू आणला आणि मुठीएवढं डोकं करून टेबललॅम्पखाली ठेवलं. हवं तसं फिरवायचं आणि सावली कुठे पडते ते बघून काढायचं. तुमच्या टॅब्लेटमध्ये तयार थ्रीडी डोकी मिळतात हे मला माहीत आहे. तरी एकदा मातीचं करून बघ. नाकाचा उठाव अंगठ्याला कळला की पेन्सिलीला कळतो.

तर चेहरे सारखे झाले. आता वेगळं काय काढायचं? मी आपल्या गल्लीतल्या न्हाव्याच्या दुकानात जाऊन बसायला लागले. बायकांनी तिथे बसायची रीत नव्हती, पण तुझ्या आजोबांची दाढी करायला घेऊन जायची आणि बाकावर वही काढायची. शिवा काशीद न्हावी होता ना. त्याचे हात मला हवे होते. वस्तरा धरताना अंगठा आणि दोन बोटं पात्याच्या मुळाशी येतात, करंगळी मागच्या शेपटीवर टेकते आणि मनगट सैल, जरासं वर उचललेलं राहतं. काम नसतानाही त्या माणसाचा हात तसाच राहायचा. चहाचा कपसुद्धा तो तसाच धरायचा.

तोच हात मी पालखीत नेला. अंगावर जामा, डोक्यावर मंदिल, गळ्यात कवड्यांची माळ, सगळं महाराजांचं. फक्त मांडीवरचा उजवा हात न्हाव्याचा, करंगळी किंचित उचललेली. शिवाय बसणं वेगळं. महाराज कुठेही बसले तरी मी त्यांना पुढे झुकलेलं काढलं, उठायच्या बेतात असल्यासारखं. शिवा ताठ, पाठ गादीला न टेकलेली, कारण अशा गादीवर तो आयुष्यात बसला नव्हता. संपादकांनी ते हेरलं की नाही कोण जाणे. पण तुझ्या मामानं, तेव्हा तो पाचवीत असेल, संवादाच्या फुग्यांतलं काही न वाचता बरोबर बोट ठेवलं.

म्हणून तुला सांगते, चष्मा आणि रंगवलेले केस राहू देत, पण त्यांच्यावर विसंबू नकोस. त्या दोघी वेगळ्या कशा पळतात ते ठरव. एक ओढणी सावरत पळेल, दुसरीला ओढणी गेल्याचं घरी पोचल्यावर कळेल. दोघींना नुसतं काळ्या शाईनं भरून सावलीसारखं काढ. तरीही ओळखू आल्या तर जमलं.

पावसाचं तू विचारलं होतंस. मी आधी पांढऱ्या पोस्टर कलरनं रेघा मारून पाहिल्या, पण रंग टाकाच्या निबवर साखळायचा आणि थेंब खडूसारखे दिसायचे. मग जाड कार्डावर शाई खडखडीत वाळू दिली आणि दाढीच्या ब्लेडनं पाऊस खरवडून काढला. खिंडीच्या पानांवरचा सगळा पाऊस ब्लेडचा आहे. तुझ्याकडे ब्लेड नाही, पण एक गोष्ट तुलाही लागू आहे. सगळा पाऊस एकाच दिशेनं आणि सारख्या जाडीचा पडला की भिंतीवरच्या कागदाची नक्षी होते. माणसांच्या अंगावर कमी पाड, मोकळ्या जागेत जास्त. आणि बारीक रेघांचं जाळं विणत बसू नकोस. आम्ही छापायच्या मापाच्या दीडपट मोठं काढायचो. चित्र लहान झालं की रेघ आवळून सुबक दिसते, पण जवळजवळ मारलेल्या रेघा शाईनं बुजतात. तूही स्क्रीनवर मोठं करकरून काढतेस, म्हणजे गत तीच.

फुग्यांची जागा तू चित्र झाल्यावर शोधतेस, ते दिसतंय. आधी फुगे आख, मग माणसं. जो आधी बोलतो तो डावीकडे किंवा वर. आणि मराठी अक्षराला इंग्रजी कॅपिटलपेक्षा उंची जास्त लागते. वर वेलांटी-मात्रा, खाली उकार. तुझ्या बाराव्या पानावर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसलाय. दोन शब्द कमी कर, अक्षर बारीक करू नकोस.

आता पुन्हा नववं पान. विषम आकडा म्हणजे ते उजव्या हाताला येणार, आणि तिथे शेवटच्या चौकटीत दार उघडून आतला माणूस तू दाखवून टाकलायस. कशाला? उजव्या पानाच्या तळाशी फक्त कडीवरचा हात ठेव. माणूस दहाव्यावर, पान उलटल्यावर. माझ्या पुस्तकात उजव्या पानाच्या शेवटी पालखी अडवली जाते आणि पालखीचा पडदा दूर होतो तो पान उलटल्यावर. इतकं सोपं आहे ते, पण त्यासाठी मला आधीची सगळी पानं एका चौकटीनं मागे सरकवावी लागली होती. तुलाही लागतील.

मागचे देखावे सुंदर आहेत, त्यातले निम्मे काढून टाक. बाबांचं मत उलट आहे. ते म्हणतात, तिथली रिक्षा फार छान आहे. रिक्षा ठेव.

जेवणाची आबाळ करू नकोस. दुरुस्त केलेलं नववं पान रंग न भरता पाठव.

तुझी,
आई

ता. क. पानं ७० म्हणालीस. छापखान्यात १६ पानांचा एक फर्मा असतो, म्हणजे एकाच मोठ्या कागदावर छापून घडी घातलेला गठ्ठा; ६४ म्हणजे सरळ चार फर्मे. पिना मारून बांधणार असशील तर निदान ४ च्या पटीत तरी हवीत, म्हणजे ७० चालणार नाहीत. सहा काढ, नाहीतर दोन वाढवून ७२ कर. मला विचारशील तर सहा काढ; कुठली ते मी झेरॉक्सवर पेन्सिलीनं खूण करून ठेवलंय.