वायडी दादा, आभार मानायचे राहूनच गेले

प्रिय दादा,

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय, कारण समोर बसून बोललो तर 'चल, चहा पाज' म्हणून तू विषय बंद करशील. होस्टेलवर तुला सगळे वायडी दादाच म्हणायचे, वायडी म्हणजे 'इयर डाऊन', नापास होऊन वर्ष गेलेला. आधी पाठीमागे, मग तोंडावर, शेवटी तर फोन उचलून तूच 'वायडी बोलतोय' म्हणायला लागलास. एम-थ्रीने, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरने, तुझं वर्ष घेतलं होतं, माझं घ्यायला ऑपरेटिंग सिस्टिम (ओएस) टपलेली होती.

माझ्या दोन वह्या आठवतात? एक कॉम्प्युटर आर्किटेक्चरची, एक ओएसची. दोन्हींत व्याख्या सुवाच्य अक्षरात, लाल पेनने अधोरेखित. फायफो, म्हणजे 'जो आधी आला तो आधी जाणार' हा नियम, विचारलास, मी घडाघडा म्हणून दाखवला. तू वही मिटलीस आणि पत्त्यांचा कॅट काढलास.

एक्क्यापासून पंजीपर्यंत पाचच पत्ते ठेवलेस. टेबलावर खडूने तीन चौकोन, ही रॅम, म्हणजे संगणकाची कामाची मेमरी; आणि एकेक पत्ता म्हणजे एक पेज, मेमरीत येणारा ठरावीक मापाचा तुकडा. मागणी अशी : १, २, ३, ४, १, २, ५, १, २, ३, ४, ५. मागितलेला पत्ता चौकोनात नसला की पेज फॉल्ट, आणि जागा नसली की सगळ्यात आधी येऊन बसलेला उठणार, त्याचं जेवण झालेलं असो वा नसो. मी मोजले, ९ फॉल्ट. 'आता चौथा चौकोन आख. किती होतील?' मी छातीठोकपणे ७ सांगितले. झाले १०. पुन्हा मांडले, पुन्हा १०. तुझ्यावर हातचलाखीचा आळ घेतला तेव्हा तू नुसता हसत होतास. मेमरी वाढवली आणि फॉल्टही वाढले! संगणकशास्त्रज्ञ बेलाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये मांडलेली ही गंमत माझ्या वहीत दोन ओळींत होती, दोन मार्कांपुरती. मग तेच पत्ते एलआरयूने खेळवलेस, म्हणजे जो सर्वांत जास्त वेळ वापरला नाही तो उठणार. तीन चौकोनांत १०, चारांत ८. एलआरयूमध्ये तिनांत जे बसलेले असतात ते चारांतही असतातच, म्हणून जागा वाढल्याने नुकसान होत नाही, हे मला त्या रात्री दीड वाजता कळलं.

पण खरे आभार पुढच्या रविवारचे. ४०९६ गुणिले ४०९६ आकड्यांचा अ‍ॅरे, म्हणजे तक्ता, सी भाषेत, बेरीज करायची. एकदा ओळीने, एकदा उभ्या रकान्याने. बेरजा तेवढ्याच, उत्तर तेच, आणि रकान्याचा प्रोग्राम मात्र कित्येक पट रेंगाळला. मी कंपायलरला नावं ठेवली. तू म्हणालास, 'आर्किटेक्चरची वही काढ.' सीमध्ये एका ओळीतले आकडे मेमरीत शेजारी-शेजारी असतात. प्रोसेसरजवळच्या छोट्या, वेगवान मेमरीत (कॅशेत) एका खेपेत येणारा तुकडा, म्हणजे कॅशे लाइन, ६४ बाइटची, आकडा ४ बाइटचा, म्हणजे एका खेपेत १६ आकडे येतात. ओळीने गेलो तर सोळाही वापरले जातात. रकान्याने गेलो तर एक वापरायचा, आणि उरलेल्या पंधरांची पाळी येईतो ती लाइन कधीच बाहेर गेलेली असते. 'आता ओएसची काढ.' एक ओळ १६ केबीची, पेज ४ केबीचं. म्हणजे रकान्यातलं प्रत्येक पाऊल नव्या पेजवर, आणि कुठलं पेज मेमरीत कुठे आहे ते लक्षात ठेवणारा प्रोसेसरमधला छोटा तक्ता, टीएलबी, बिचारा तिथेही चुकतो. एकाच लूपमध्ये दोन्ही विषय बसले होते, आणि मी त्यांचे दोन वेगळे पेपर समजून दोन वेगळ्या रात्री जागत होतो.

(सेमाफोरचं, म्हणजे सामायिक गोष्ट एका वेळी किती जणांनी वापरायची ते ठरवणाऱ्या ओएसमधल्या युक्तीचं, तुझं स्पष्टीकरण मात्र मला अजून पटलेलं नाही. संडासाच्या कडीचं उदाहरण एका वेळी एकालाच आत सोडणाऱ्या म्युटेक्सला चालतं, एका वेळी अनेकांना सोडू शकणाऱ्या काउंटिंग सेमाफोरला नाही.)

ओएस निघाली. तुझी एम-थ्रीही निघाली, हे मला तुझ्याऐवजी मेसच्या मावशींकडून कळलं, त्याचा राग आहे.

दोन्ही वह्या झेरॉक्सवाल्याकडून एकत्र स्पायरल करून घेतल्यात. सध्या तुझ्याच खोलीत आलेल्या एका ज्युनिअरकडे आहेत. पत्ते मी त्याला दिलेत, पण कॅटमधली चौकटची पंजी गायब आहे. तुझ्या बॅगेत सापडली तर पाठव.

तुझा,
समोरच्या खोलीतला