चाळीस सेकंदांवर अडलेलं घोडं

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

रुबिक क्यूब सोडवण्याच्या विक्रमांवरचा आपल्या पुरवणीतला मजकूर वाचला. १९८२ साली बुडापेस्टला मिन्ह थाई २२.९५ सेकंदांत जिंकला, २०२३ मध्ये मॅक्स पार्कने ३.१३ सेकंदांत क्यूब सोडवला, हे सगळं छानच. पण शेवटचा ‘भरपूर सराव करा’ हा सल्ला वाचून राहवलं नाही, म्हणून हे पत्र.

मी एकसष्ट वर्षांचा निवृत्त टंकलेखक. पहिल्या वर्षी दोन मिनिटांवरून चाळीस सेकंदांवर आलो आणि तिथे घोडं अडलं ते सात महिने. सराव कमी नव्हता. रोज पन्नास वेळा क्यूब सोडवायचा, वहीत नोंद. लोहचुंबकाचा नवा क्यूब घेतला, आठवडाभर दोन सेकंद कमी झाले, मग पुन्हा चाळीस. शेवटच्या टप्प्याची एकवीसच्या एकवीस सूत्रं पाठ केली, तरी सरासरी जेमतेम सेकंदाने उतरली. मध्येच एकदा २७.८ लागले आणि मी घरभर सांगत सुटलो. त्या वेळी शेवटचा टप्पा आपोआपच सुटून आला होता. हे बहात्तरात एकदा होतं, त्यात माझं कर्तृत्व शून्य. स्पर्धेत पाच वेळांपैकी सर्वांत चांगली आणि सर्वांत वाईट सोडून उरलेल्या तिघांची सरासरी का धरतात, ते त्या दिवशी कळलं.

शेवटी मोबाइल समोर ठेवून स्वतःचं चित्रण केलं. क्रॉस (तळाच्या बाजूवरची एका रंगाची फुली), मग खालचे दोन थर कोपरा-कड अशा जोड्या-जोड्यांनी आणि शेवटी वरचा थर, या पद्धतीत साधारण साठ चाली होतात. चित्रणात दिसलं की चाळीसपैकी सतरा सेकंद माझे हात नुसते थांबलेले होते. एक जोडी बसवायची, थांबायचं, पुढची शोधायची. आणि मी मात्र बोटं जलद व्हावीत म्हणून जिवाचं रान करत होतो!

टायपिंग शिकताना आमचे सर हातांवर कागद झाकत आणि ठेक्यावर टाइप करायला लावत. वेग नको, खंड नको, म्हणत. बोटं एक शब्द उमटवत असताना डोळे पुढच्या शब्दावर गेलेले असायचे. तीस वर्षं ज्या गोष्टीवर पोट भरलं, ती क्यूब हातात आल्यावर आठवू नये? (बायकोने हा प्रश्न जरा वेगळ्या शब्दांत विचारला.)

मग मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक ठेका देणारं यंत्र, लावला. सेकंदाला एकच चाल, मिनिट लागलं तरी चालेल, पण थांबायचं नाही. हात एक जोडी बसवत असताना नजर पुढच्या जोडीवर. पहिल्या दोन आठवड्यांत घड्याळ लावल्यावर वेळ उलट चव्वेचाळीसवर गेली. इथेच बरेच जण ही पद्धत सोडून देत असावेत, मीही देणार होतो. तिसऱ्या महिन्यात सरासरी बत्तीसवर आली.

आणि आता बत्तीसवर अडलोय. दोन महिने झाले. पुन्हा चित्रण केलं, तर आता खोळंबा क्रॉसनंतरच्या पहिल्याच जोडीशी होतो. सोडवायला सुरुवात करण्याआधी क्यूब न्याहाळायला नियमाप्रमाणे पंधरा सेकंद मिळतात. तेवढ्यात क्रॉस आखून ती जोडीही कुठे जाणार हे पाहून ठेवायचं, असा सध्याचा अभ्यास आहे. पाचात एकदा जमतं.

विक्रमांच्या बातम्या जरूर छापा. पण कधी तरी महिनोन्‌महिने एकाच आकड्यावर बसलेल्यांनाही विचारा, त्यांच्या वह्यांत बरंच काही सापडेल. माझी वही मी द्यायला तयार आहे, अक्षर मात्र वाईट आहे.

आपला,
एक निवृत्त टंकलेखक