वजन हिरव्या पट्ट्यात, पण पोर बोलेना

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुलं उशिरा बोलायला लागतात, या विषयावरचा डॉक्टरांचा लेख आपल्या पुरवणीत आला होता. आमच्या घरी तो दोनदा वाचला गेला. आमचा नातू सव्वादोन वर्षांचा आहे आणि अजून पाणीसुद्धा तोंडाने मागत नाही, बाटलीकडे बोट दाखवतो. लेखातलं सगळं पटलं. फक्त त्यातली मुलं सगळी फ्लॅटमधली होती आणि वाचताना मला मळ्यातली आठवत राहिली, म्हणून हे पत्र.

दिंडोरी तालुक्यातल्या एका गावात मी ३१ वर्षं अंगणवाडी सेविका होते. आमच्याकडे ऑक्टोबरात द्राक्षाची छाटणी झाली की पेठ-सुरगाण्याकडून मजुरांच्या टोळ्या उतरतात. थिनिंग म्हणजे घडातले जादा मणी काढणं, डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं, मग माल काढेपर्यंत मुक्काम मळ्यातच, पत्र्याच्या शेडमध्ये. काम एकरावर उक्तं घेतलेलं, त्यामुळे हात थांबवून चालत नाही. तान्हं मूल झोळीत, झोळी बांधावरच्या आंब्याला, आणि झोके द्यायला सहा-सात वर्षांची मोठी बहीण. आई मधून बघून जाते, पण डिपिंगच्या औषधात बुडालेले हात घेऊन ती लेकराला जवळ तरी कशी घेणार?

२०११ची गोष्ट. अशाच एका टोळीतला मुलगा अंगणवाडीत वजनाला आणला. वय अडीचच्या पुढे. काट्यावर ठेवला, वजन तक्त्याच्या हिरव्या पट्ट्यात, म्हणजे वयाला ठीक. कुपोषण बघायची पट्टी दंडाला लावली, तीही हिरवी. मी रजिस्टर भरलं आणि पुढच्या मुलाला हाक मारली. आमची मदतनीस मात्र त्याच्याकडे बघत राहिली. म्हणाली, "बाई, हे पोर रडलं नाही." खरंच, काट्यावर टांगलं की भलीभली पोरं गाव गोळा करतात. हा गप्प. नाव घेतलं तरी वळून बघेना. मला वाटलं कानाचं काही असेल. मागे जाऊन ताट वाजवलं तर दचकला. म्हणजे ऐकू येत होतं.

मग मला आठवलं, आदल्या हंगामात हाच मुलगा झोळीतून बहिणीवर ओरडायचा. ती काही म्हणाली की हा काहीतरी म्हणायचा, दोघांचं दिवसभर चालायचं. एक अक्षर कळायचं नाही, पण भांडण आहे हे कळायचं. आईला विचारलं, पोरगी कुठंय? जूनमध्ये आश्रमशाळेत घातली होती. घालायलाच हवी होती, गेल्या साली तिची शाळा बुडते म्हणून मीच आईच्या मागे लागले होते. आई सहज बोलून गेली, "पोरगी गेली तवापासून ह्यो असाच."

रजिस्टरात त्याचं सगळं बरोबर होतं. बहीण गेली, हे लिहायला रकाना नव्हता.

आमच्या शेवटच्या काही प्रशिक्षणांपैकी एकात जमैका देशातला प्रयोग सांगितला होता. मी तो वहीत उतरवून घेतला, कारण ऐकताना हाच मुलगा डोळ्यांपुढे आला. किंग्स्टन शहरात १९८६-८७ मध्ये वाढ खुंटलेली १२९ लहान मुलं निवडली, वय ९ ते २४ महिने. काहींना दोन वर्षं पोषक आहार दिला. काहींच्या घरी आरोग्य सेविका आठवड्यातून एकदा तासभर जाऊन घरगुती खेळण्यांनी आईला मुलाशी खेळायला, बोलायला शिकवायची. काहींना दोन्ही मिळालं, काहींना यातलं काहीच नाही. वीस वर्षांनी पाहिलं, तर ज्यांच्या घरी सेविका जात होती ती मुलं मोठेपणी, ज्यांच्या घरी सेविका जात नव्हती त्यांच्यापेक्षा सुमारे २५ टक्के जास्त कमावत होती. नुसत्या आहाराचा फरक टिकला नव्हता. कृपा करून याचा अर्थ 'आहार बंद करा' असा कुणी काढू नये. उपाशी पोर खेळत नाही, हे मला कुणी शिकवायला नको. पण आम्ही ३१ वर्षं घास मोजले आणि शब्द एकदाही मोजला नाही, हेही खरं.

त्या मुलाचं पुढे काय केलं ते सांगते. खास काही नाही. मदतनीस त्याला तांदूळ निवडताना शेजारी बसवायची आणि बोलत राहायची. हा खडा बघ, हा काळा, फेक त्याला. त्याने नुसतं 'हं' केलं तरी ती त्याला उत्तर द्यायची, जसं काही तो सरपंच आहे. तिला जमैका माहीत नव्हतं. पुढे एका सकाळी तिच्या हातून डाव खाली पडला आणि हा म्हणाला, "पडला." आम्ही दोघी हसलो, तर तोही हसला आणि मग दिवसभर एकेक वस्तू खाली टाकून "पडला, पडला" करत बसला. खिचडीच्या पातेल्याचं झाकणसुद्धा सोडलं नाही. मार्चअखेर माल संपला, टोळी गेली. पुढच्या हंगामात ती आमच्या शिवारात आली नाही. मुलगा कसा आहे, मला माहीत नाही.

आता आमच्या घरचं. निवृत्तीनंतर मी पाथर्डी फाट्याला मुलाकडे राहते. सून आणि मुलगा दोघं नोकरीला, नातू टॅबवर. टॅबमुळे त्याला रंगांची इंग्रजी नावं येतात, घास मात्र कार्टून लावल्याशिवाय तोंड उघडून घेत नाही. आधी कानाची तपासणी झाली, ती चांगली निघाली. मग डॉक्टरांनी विचारलं, "दिवसा घरात त्याच्याशी कोण बोलतं?" सून रडवेली झाली. मी खाली बघत होते. आठ महिने मी त्याच घरात होते, आणि तो शांत बसतो म्हणून मलाही बरंच वाटत होतं. दुसऱ्यांच्या मुलांचं रजिस्टर भरून भरून आपल्या घरातलं दिसेनासं होतं की काय, कोण जाणे. सुनेला मात्र कुणी दोष देऊ नये. उत्तर द्यायला माणूस लागतं. ते आईच असलं पाहिजे असं नाही, टॅब मात्र चालत नाही.

हल्ली बुधवारी मी त्याला बसने गोदाघाटावरच्या बाजारात नेते. भाजीवाल्या बाया त्याच्याशी इतकं बोलतात की मला तोंड उघडावं लागत नाही. गेल्या बुधवारी 'भोप' म्हणाला. भोपळाच असावा. आमच्या भागात 'मेंदू विकास' म्हणून पाटी लावलेले वर्ग आहेत, त्यांची फी विचारून आले होते. बाजारातली मेथीची जुडी स्वस्त पडते.

पण नातवाला डॉक्टर आहेत, वर्ग आहेत, आता आजीही जागी झाली. मळ्यातल्या मुलाला कोण? तीन वर्षांखालच्या मुलांशी खेळायचं-बोलायचं कसं, यासाठी केंद्र सरकारने २०२४ मध्ये 'नवचेतना' आराखडा आणला. त्यात १४० खेळ आहेत आणि ते चांगले आहेत. पण त्यातले बरेच घरी घ्यायचे आणि टोळीचं घर हंगामापुरतं. कारखान्यात तीसहून जास्त बाया असतील तर पाळणाघर ठेवा, असं १९४८च्या कायद्यात होतं. द्राक्षबागेला तसलं काही नाही, आणि एका बागेत तेवढ्या बाया एका वेळी नसतातही. म्हणून चार-पाच बागा मिळून एक पाळणाघर हवं, ऑक्टोबर ते मार्च. गावातलीच एक बाई, तिला हंगामाचा पगार. पाळणाघर असलं की बहिणीलाही शाळा सोडून झोके द्यायला यावं लागणार नाही.

यात नवीन काही नाही. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी डहाणूजवळच्या कोसबाडला गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली होती. मूल येत नाही तर शाळा तिकडे गेली.

दिंडोरी-निफाडकडच्या बागाईतदारांनी येत्या छाटणीला शेडमधली एक खोली दिली, तर आठवड्यातून दोन दिवस मी स्वतः यायला तयार आहे. द्राक्षाच्या पेट्यांचे पुठ्ठे कापून केलेली खेळणी माझ्याकडे एक गोणीभर पडून आहेत. नातवाने त्यातला उंट तेवढा चावून खाल्लाय.

आपली,
एक निवृत्त अंगणवाडी सेविका,
पाथर्डी फाटा, नाशिक