चार्ज दिला-घेतला का, तेही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेत अध्यक्ष बदलायची वेळ आली की तुमच्या पेपरात (आणि सगळ्याच पेपरात, टीव्हीवर पण) महिनाभर एकच चालतं, परराष्ट्रमंत्री कोण होणार, संरक्षण खातं कोणाकडे, कोण कोणाच्या जवळचा, कोणाचा पत्ता कट झाला. वाचायला बरं वाटतं, मी पण वाचतो. पण नोव्हेंबरातल्या मतदानापासून २० जानेवारीच्या दुपारी १२ पर्यंत जे साधारण ११ आठवडे असतात त्यात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वेगळीच असते, ती म्हणजे चार्ज. जाणाऱ्याने येणाऱ्याला काय सांगितलं, काय सांगायचं राहून गेलं आणि काय मुद्दाम सांगितलं नाही. यावर कुठे एक ओळ सापडत नाही, म्हणून हे पत्र लिहायला बसलो.

मी २९ वर्षं एका केमिकल प्लांटमध्ये शिफ्ट ड्युटी केली. आमच्याकडे नियम होता, पुढचा माणूस आल्याशिवाय आणि लॉगबुकावर दोघांच्या सह्या झाल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही, मग दोघांचं एकमेकांशी बोलणं बंद असलं तरी. एकदा रात्रपाळीवाला कशावरून तरी तणतणत निघून गेला, एक व्हॉल्व्ह अर्धवट बंद ठेवलाय हे त्याने लिहिलंच नाही आणि आम्ही सकाळी दोन तास प्रेशर का चढतंय तेच शोधत होतो. कोणाला काही झालं नाही. पण ते दोन तास माझ्या अंगावर अजून येतात.

आता २०२० चं बघा. मतदान ३ नोव्हेंबरला, ७ तारखेला सगळ्या मोठ्या चॅनेलनी बायडन जिंकले म्हणून सांगितलं, पण सरकारी पातळीवर चार्ज सुरू व्हायला २३ नोव्हेंबर उजाडला. कारण काय, तर १९६३ च्या कायद्याप्रमाणे जनरल सर्व्हिसेस ॲडमिनिस्ट्रेशन नावाच्या खात्याच्या प्रमुखाने 'हा माणूस जिंकलेला दिसतो' असं पत्र द्यावं लागतं, आणि ते खातं म्हणजे सरकारी इमारती, गाड्या, खरेदी बघणारं खातं. त्या एका पत्रावर अख्ख्या देशाच्या सुरक्षेचं हस्तांतरण अडून बसलं. अध्यक्षाला रोज सकाळी गुप्तचर खात्यांकडून जो अहवाल मिळतो, ज्याला पीडीबी म्हणतात, तो बायडनना पहिल्यांदा ३० नोव्हेंबरला मिळाला. म्हणजे जवळपास चार आठवडे गेले. त्यात ९ नोव्हेंबरला अध्यक्ष ट्रम्पनी संरक्षणमंत्री मार्क एस्पर यांना काढलं, १३ डिसेंबरला सोलरविंड्सचं प्रकरण बाहेर आलं की बाहेरचे हॅकर कितीतरी महिने सरकारी खात्यांच्या कॉम्प्युटरमध्ये शिरून बसले होते, आणि २८ डिसेंबरला बायडन जाहीरपणे तक्रार करत होते की पेंटागॉनकडून पाहिजे ती माहिती मिळत नाहीये. कुठल्या पक्षाचं बरोबर ह्या वादात मला पडायचंच नाही. खुर्चीवरचा माणूस रागावलाय म्हणून लॉगबुक मिळत नाही ही गोष्टच मला पटत नाही.

लोक म्हणतात, त्याने काय बिघडतं, सैन्य तेच, सीआयए तीच, अधिकारी तेच. तर २००० ची गोष्ट परत एकदा सांगतो, कारण ती पुरेशी सांगितली जात नाही. १२ ऑक्टोबर २००० ला येमेनमधल्या एडन बंदरात यूएसएस कोल ह्या युद्धनौकेला स्फोटकांनी भरलेली एक छोटी बोट येऊन धडकली, १७ नौसैनिक गेले. ७ नोव्हेंबरला मतदान झालं आणि फ्लोरिडात घोडं अडलं. ५३७ मतांचा फरक, ३६ दिवस मोजणी आणि कोर्टकचेरी, १२ डिसेंबरला सुप्रीम कोर्टाचा निकाल. चार्ज देण्या-घेण्याचा वेळ निम्म्यावर आला. क्लिंटनचे लोक म्हणत होते अल कायदाचाच हात आहे असं पक्कं सांगा मग बघू, तपासवाले म्हणत होते अजून पुरावा जमतोय, आणि असं करता करता २० जानेवारी आली. नवे लोक आले तर त्यांच्यासाठी ते जुनं प्रकरण. कोलचं उत्तर क्लिंटननी दिलं नाही, बुशनी पण दिलं नाही. दोन शिफ्टच्या मधल्या जागेत १७ माणसांचा हिशोब पडून राहिला. त्यात सिनेटची मंजुरी लागणाऱ्या खालच्या फळीतल्या नेमणुका २००१ च्या उन्हाळ्यापर्यंत चालूच होत्या, आणि मग ११ सप्टेंबर झालं. हल्ल्याची चौकशी करणाऱ्या आयोगाने २००४ च्या अहवालात स्पष्ट लिहिलंय की त्या लांबलेल्या निकालामुळे नव्या सरकारला महत्त्वाची माणसं नेमायला उशीर झाला. मी असं म्हणत नाही की वेळेत चार्ज झाला असता तर हल्ला टळला असता, ते कोणी सांगू शकत नाही. पण रिकाम्या खुर्च्या होत्या हे तर खरं आहे ना?

अमेरिकेत राजकीय नेमणुकांच्या साधारण ४ हजार जागा असतात, त्यातल्या हजारावर जागांना सिनेटची मंजुरी लागते. सरकार बदललं की ही सगळी वरची फळी बदलते. अधिकारी तेच राहतात, पण ठरवणारे तेच नसतात.

सगळ्यात जास्त मला हॅरी ट्रुमन आठवतात. १२ एप्रिल १९४५, अध्यक्ष रूझवेल्ट जॉर्जियात वारले, ट्रुमन तेव्हा जेमतेम ८२ दिवस उपाध्यक्ष होते. संध्याकाळी सातच्या सुमाराला व्हाइट हाऊसमध्ये शपथ झाली, छोटीशी बैठक झाली, सगळे उठून निघाले आणि युद्धमंत्री हेन्री स्टिमसन तेवढे मागे थांबले. म्हणाले एका प्रचंड ताकदीच्या नव्या स्फोटकाचं काम चालू आहे. बस, तेवढंच. नीट सगळं सांगितलं २५ एप्रिलला, स्टिमसन आणि बॉम्बच्या कामाचे प्रमुख जनरल ग्रोव्ह्ज यांनी, तेही पत्रकारांना संशय येऊ नये म्हणून ग्रोव्ह्जना वेगळ्या वाटेने आत आणून. जगातला पहिला अणुबॉम्ब तयार होत आला होता आणि तो वापरायचा की नाही हे ज्याने ठरवायचं त्याला तो आहे हेच माहीत नव्हतं. ट्रुमन हे विसरले नाहीत. १९५२ मध्ये आपण उभे नसताना त्यांनी आयझेनहॉवर आणि स्टीव्हन्सन ह्या दोन्ही उमेदवारांना निवडणुकीच्या आधीच सीआयएकडून माहिती द्यायला लावली, त्यातला एक तर विरोधी पक्षाचा होता आणि प्रचारात ट्रुमनवर तुटून पडत होता. आजची सगळी पद्धत तिथून आली. म्हणजे एका माणसाच्या वाईट अनुभवातून आली, आणि त्याच्या मोठ्या मनातून.

पण नुसतं सांगून पण भागत नाही. केनेडींना क्यूबावर हल्ल्याची योजना निवडून आल्यावर दोन आठवड्यांत सांगितली होती, आयझेनहॉवरच्या काळात सुरू झालेली, माणसं ट्रेनिंग घेत होती, सगळं तयार. त्यांनी खोदून विचारलं नाही, किंवा विचारलं ते पुरेसं नव्हतं, आणि १७ एप्रिल १९६१ ला, शपथ घेऊन तीन महिने व्हायच्या आत, बे ऑफ पिग्जला १,४०० माणसं उतरवली आणि तीन दिवसांत खेळ संपला. हजारावर लोक पकडले गेले. चार्ज घेणाऱ्याने पण प्रत्येक मशीनपाशी जाऊन उभं राहायचं असतं, नुसती सही करायची नसते.

आता दुसरा वाद, जो २०२४ ला खूप रंगला, जाणाऱ्या अध्यक्षाने शेवटच्या आठवड्यांत मोठे निर्णय घ्यावेत का. बायडननी नोव्हेंबर २०२४ मध्ये युक्रेनला लांब पल्ल्याची अमेरिकी क्षेपणास्त्रं रशियाच्या आत वापरायची परवानगी दिली, ट्रम्पनी उघड विरोध केला. माझं मत असं की २० जानेवारीच्या १२ वाजेपर्यंत तोच अध्यक्ष आहे, त्याने हातावर हात ठेवून बसावं असं कोणी म्हणू नये. पण जे निर्णय निभावायचे दुसऱ्याने आहेत त्यात त्या दुसऱ्याला आधी बसवून घ्यावं. नाहीतर क्यूबासारखं होतं. १२ जानेवारी २०२१ ला, आठ दिवस उरलेले असताना, ट्रम्प सरकारने क्यूबाला दहशतवादाला पाठिंबा देणाऱ्या देशांच्या यादीत घातलं. १४ जानेवारी २०२५ ला, सहा दिवस उरलेले असताना, बायडननी काढायचं जाहीर केलं. २० जानेवारीला ट्रम्पनी तो निर्णय रद्द केला. सहा दिवस! अशा देशाच्या सहीवर बाहेरच्यांनी किती भरवसा ठेवायचा, सांगा.

उलट रेगन यांनी डिसेंबर १९८८ मध्ये पॅलेस्टाइनच्या पीएलओ ह्या संघटनेशी बोलणी सुरू करायचा कडू घोट स्वतःच्या नावावर घेतला, त्यामुळे नंतर आलेल्या थोरल्या बुशना तो घ्यावा लागला नाही. अशी मदत पण करता येते. आणि गाझातल्या युद्धबंदीचा करार बघा, १५ जानेवारी २०२५ ला कतारमधल्या दोहामध्ये बायडनचे ब्रेट मॅकगर्क आणि ट्रम्पचे स्टीव्ह विटकॉफ एकत्र काम करत होते, दोन पक्ष, एक टेबल. पुढे त्या युद्धबंदीचं काय झालं तो वेगळा विषय आहे, पण त्या एका आठवड्यात चार्ज असा देता-घेता येतो हे दिसलं.

येणाऱ्यांनी पण पायरी ओळखावी. २९ डिसेंबर २०१६ ला ओबामांनी ३५ रशियन अधिकाऱ्यांना देशाबाहेर काढलं आणि त्याच दिवशी येणाऱ्या ट्रम्प टीममधले मायकल फ्लिन रशियाच्या राजदूताशी फोनवर त्याच विषयावर बोलत होते. पुढे ते राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार झाले आणि १३ फेब्रुवारी २०१७ ला पद सोडावं लागलं. बाहेरच्या सरकारशी खाजगी माणसाने परस्पर वाटाघाटी करू नयेत असा लोगन ॲक्ट १७९९ पासून आहे, पण आजवर त्याखाली एकालाही शिक्षा झालेली नाही, त्यामुळे तो असून नसल्यासारखा.

२००८-०९ चं मात्र मला मनापासून कौतुक वाटतं. धाकट्या बुशच्या लोकांनी एकेका देशावर, एकेका प्रश्नावर मिळून ४० टिपणं लिहून ओबामांच्या टीमसाठी ठेवली, आणि शपथविधीवर सोमालियातल्या अल शबाब ह्या दहशतवादी संघटनेच्या हल्ल्याची कुणकुण लागली तेव्हा दोन्ही टीम व्हाइट हाऊसच्या सिच्युएशन रूममध्ये एकाच टेबलाशी बसल्या. निवडणूक काही गोड झाली नव्हती, तरी.

मग हे दर वेळी का होत नाही? कारण बरंचसं अजून मर्जीवर आहे. २०२२ मध्ये कायदा सुधारला, आता पाच दिवसांत कोणी हार मानली नाही तर दोन्ही बाजूंना सरकारी मदत सुरू होते, हे चांगलं झालं. पण पीडीबी द्यायचा की नाही हे अजूनही खुर्चीवरच्या अध्यक्षाच्या हातात आहे. आणि येणाऱ्यालाच नको असेल तर काय? २०२४ मध्ये मतदान झालं ५ नोव्हेंबरला, ट्रम्प टीमने व्हाइट हाऊसबरोबरच्या चार्ज घेण्याच्या करारावर सही केली २६ नोव्हेंबरला, जी १ ऑक्टोबरपर्यंत व्हायला हवी होती. तोपर्यंत त्यांची माणसं खात्यांमध्ये जाऊन बसूच शकत नव्हती. दोन्हीकडून सक्ती पाहिजे असं माझं म्हणणं आहे, देणाऱ्यावर पण आणि घेणाऱ्यावर पण. सक्तीने जमतं हे त्यांनीच दाखवलंय. २० जानेवारी २०२१ ला ट्रम्प शपथविधीला न थांबता सकाळीच फ्लोरिडाला गेले, अण्वस्त्रं वापरायचा आदेश द्यायची ती काळी बॅग त्यांच्याबरोबर विमानात, म्हणून वॉशिंग्टनमध्ये बायडनसाठी दुसरी बॅग तयार ठेवली, आणि दुपारचे १२ वाजले तसं ट्रम्पकडचं कोडचं कार्ड बंद आणि बायडनकडचं चालू. कोणी कोणाला हात मिळवला नाही, तरी एका सेकंदाची गॅप पडली नाही. बॅगेसाठी ही सोय होते तर सकाळच्या अहवालासाठी का नाही?

संपादक साहेब, अध्यक्षपदाचं पुढचं मतदान ७ नोव्हेंबर २०२८ ला आहे आणि ट्रम्पना तिसऱ्यांदा उभं राहता येत नाही, म्हणजे २० जानेवारी २०२९ ला चार्ज बदलणार हे ठरलेलं आहे. तेव्हा मंत्र्यांच्या नावांची चर्चा जरूर छापा, पण रोज एक छोटी चौकट पण द्या. करारांवर सह्या झाल्या का, पीडीबी सुरू झाला का, कुठल्या खात्याने टीमला आत घेतलं आणि कुठल्या खात्याने दारात उभं केलं, जाणाऱ्याने आज काय नवीन सही केली आणि ती येणाऱ्याला विचारून केली का. मी ती चौकट सगळ्यात आधी वाचेन.

आपला,
एक जुना वाचक