रमवर खापर फोडू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत कोणत्या दारूने कोणता मूड येतो, यावर सचित्र मजकूर आला होता. वाईनने माणूस हळवा होतो, बियरने दिलखुलास, रमने तापट, आणि देशी घेतली की हाणामारी. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवलं आणि निवृत्तीनंतर व्यसनी माणसांच्या बायका, आया, मुलं जिथे जमतात अशा एका बैठकीत मदतीला जाते. असा मजकूर त्या बैठकीतल्या घरांमध्ये काय करतो ते मला दिसतं, म्हणून लिहिते आहे.

आधी रसायन. बियर, वाईन, रम, फेणी, देशी या सगळ्यांतलं चढणारं द्रव्य एकच, इथाइल अल्कोहोल. मेंदूत पोचल्यावर ते द्राक्षातून आलं की मळीतून, हे त्याला ठाऊक नसतं. आपल्या राज्यात तर गंमत अशी की देशी दारू, रम आणि स्वस्त व्हिस्की यांचं मूळ स्पिरिट बहुतेक वेळा उसाच्या मळीचंच असतं. रंग, वास आणि लेबल नंतर चढतं. साहेबी व्हिस्की आणि झोंबणारी देशी यांच्यात आपण जे स्वभावाचं अंतर मानतो, ते डिस्टिलरीत सापडणार नाही.

बाकीची द्रव्यं असतात, हे खरं. आंबवताना आणि लाकडी पिंपात मुरवताना ती तयार होतात. व्होडकात कमी, गडद रंगाच्या दारूंत जास्त. अमेरिकेत बर्बन (मक्याची गडद रंगाची व्हिस्की) आणि व्होडका यांची तुलना करून पाहिली, तेव्हा दुसऱ्या दिवशीचा हँगओव्हर बर्बनवाल्यांना जास्त झाला. पण दिलेल्या कामात दोन्ही गट सारखेच ढेपाळले. म्हणजे डोकेदुखीचं खापर फार तर या द्रव्यांवर फोडता येईल, मारहाणीचं नाही.

फरक पडतो तो किती आणि किती वेगाने यावर. रक्तातलं अल्कोहोल चढत असताना माणूस बोलका, धीट होतो. उतरू लागलं की सुस्त, उदास. उपाशीपोटी घटाघट घेतलेले तीन पेग आणि जेवणाबरोबर दोन तास पुरवलेली बियर यांचे परिणाम वेगळे होणारच. मी बैठकीत फळ्यावर हिशेब मांडते. ४२.८ टक्के तीव्रतेच्या ३० मिलीच्या पेगात सुमारे १० ग्रॅम अल्कोहोल असतं. १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये साधारण ६१ ग्रॅम. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बियरच्या ६५० मिलीच्या बाटलीत ४१ ग्रॅम, म्हणजे चार पेग. आणि १३ टक्क्यांच्या वाईनच्या पूर्ण बाटलीत ७७ ग्रॅम, क्वार्टरपेक्षाही जास्त! हा आकडा लिहिला की दर वेळी कुणीतरी पुन्हा मोजायला लावतं. 'तो फक्त बियरच घेतो हो' असं म्हणणाऱ्या आईला बाटलीतले चार पेग त्या दिवशी पहिल्यांदा दिसतात.

आपल्या लेखात 'संशोधनातून सिद्ध' असे शब्द आहेत. बहुधा २०१७ साली 'बीएमजे ओपन' या नियतकालिकात आलेली पाहणी अभिप्रेत असावी. २१ देशांतल्या, १८ ते ३४ वयाच्या जवळपास तीस हजार तरुणांनी ऑनलाइन प्रश्नावली भरली होती. स्पिरिट्स, म्हणजे व्हिस्की-व्होडकासारख्या कडक दारू, घेतल्यावर आक्रमक वाटतं, असं जवळपास ३० टक्क्यांनी सांगितलं. रेड वाईनबद्दल तसं म्हणणारे अगदी थोडे होते. रेड वाईनने निवांत वाटतं असं ५३ टक्के म्हणाले. पण ही लोकांनी स्वतःबद्दल आठवून दिलेली उत्तरं आहेत. कोण काय, कुठे, किती आणि कशासाठी पीत होतं हे त्यातून वेगळं काढता येत नाही. जो धुंद व्हायलाच निघाला आहे तो कडक दारू घेतो, जो जेवायला बसला आहे तो वाईन घेतो. शिवाय त्याच पाहणीत, ज्यांचं पिणं व्यसनाच्या पातळीला गेलं होतं त्यांच्यात आक्रमकता सांगणारे जास्त होते. आपल्या लेखात ही बाब आलीच नाही, आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते.

माणूस काय अपेक्षा धरून पितो, याचा परिणाम मोठा असतो. १९७५ साली अमेरिकेतल्या एका विद्यापीठात तरुणांवर एक प्रयोग झाला. काहींना व्होडका आहे सांगून नुसतं टॉनिक पाजलं, काहींना टॉनिक सांगून व्होडका. मग एका सहकाऱ्याला विजेचे झटके देण्याचं काम त्यांच्यावर सोपवलं. आपण दारू प्यालो आहोत अशी ज्यांची समजूत होती त्यांनी जोरदार झटके दिले, मग पेल्यात व्होडका असो वा नसो. दारूने स्वतःहून आक्रमकता वाढत नाही, असा याचा अर्थ नाही. ती वाढते, हे नंतरच्या प्रयोगांत दिसलं आहे. पण 'रम प्यालो की माझं डोकं फिरतं' हे वाक्य मनात घेऊन बसलेला माणूस पहिला घोट घेण्याआधीच निम्मी वाट चाललेला असतो. आपला लेख त्याला तेच वाक्य छापून देतो.

बैठकीत बायका हेच सांगतात: "बियरवर असले की झोपतात ताई, रम घेतली की हात उचलतात." मी विचारते, रम कधी घेतात? पगाराच्या दिवशी. कुणाबरोबर? ज्यांच्याशी पैशावरून वाद आहे त्या मित्रांबरोबर. जेवून? नाही, नुसत्या चकण्यावर. आणि बियर? रविवारी दुपारी, मटणाबरोबर, घरी. मग मी शेवटचा प्रश्न विचारते: रम प्यालेले असताना वाटेत हवालदार भेटला तर त्याच्यावर हात उचलतात का? साहेबावर? सगळ्या गप्प होतात. त्याला कुणावर हात उचलायचा नाही हे त्या अवस्थेतही कळत असतं. ही एवढी गोष्ट बाईच्या लक्षात आली की ती बाटली बदलून पाहण्याचा नाद सोडते. कित्येकींनी नवऱ्याला स्वतःच्या पैशांनी बियर आणून दिली आहे, रमपासून लांब राहावा म्हणून!

कायदाही बाटली पाहत नाही. आपण होऊन घेतलेली नशा हा गुन्ह्याचा बचाव ठरत नाही, हे जुन्या भारतीय दंड संहितेत होतं आणि नव्या न्याय संहितेतही आहे. गाडी चालवणाऱ्याच्या १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅमहून अधिक अल्कोहोल सापडलं की तो दोषी, मग ते शँपेनमधून आलेलं का असेना.

या वर्गवारीत मला एक अन्यायही दिसतो. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला परवानगी देण्याचं ठरवलं, तेव्हा 'वाईन म्हणजे दारू नव्हे' असं जाहीरपणे बोललं गेलं. मी नाशिकची. द्राक्ष बागायतदारांची अडचण मला ठाऊक आहे आणि त्यांचं भलं व्हावं असंच मला वाटतं. तरीही हे विधान चूक होतं. वाईन पिणारा रसिक आणि देशी पिणारा हाणामारीवाला, या समजुतीमुळे बंगल्यातली मारहाण झाकली जाते आणि वस्तीतला प्रत्येक पिणारा गुंड ठरतो.

एका बाबतीत मात्र कोणती दारू हा प्रश्न जिवाचा असतो. हातभट्टीत मिथेनॉल मिसळलं असेल तर ते वेगळंच रसायन आहे. त्याने डोळे जातात, माणूस मरतो. २०१५ साली मालाडच्या मालवणीत शंभरहून अधिक माणसं अशीच गेली. पुरवणीत दारूच्या प्रकारांवर पान खर्च करायचं असेल, तर विषबाधा ओळखायची कशी आणि रुग्णाला किती तातडीने इस्पितळात न्यायचं, यावर करावं.

आपल्याला विनंती आहे की त्या मजकुराचा खुलासा त्याच पानावर, तितक्याच ठळकपणे छापावा, आणि सोबत वरचा ग्रॅमचा हिशेब द्यावा. कात्रण मी बैठकीच्या फळ्याशेजारी लावीन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, नाशिक