टॉर्च विकता, मग आतली बॅटरीही विका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रात्रीची लाईट असली की आमच्या शिरूर-आंबेगाव-जुन्नर पट्ट्यात उसाला पाणी द्यायला जाणाऱ्याच्या एका हातात काठी असते आणि दुसऱ्या हातात फोकसचा टॉर्च. शेतीपंपांना आळीपाळीने दिवसा ८ तास किंवा रात्री १० तास वीज, हे वेळापत्रक वर्षानुवर्षे चालत आले. २०२३ पासून सौर कृषी वाहिनीचा दुसरा टप्पा सुरू झाला आणि काही फीडरवर, म्हणजे गावाला येणाऱ्या वीजवाहिन्यांवर, दिवसा वीज मिळूही लागली, हे मान्य. ज्यांचा नंबर अजून लागलेला नाही, त्यांना मात्र अंधारातच मोटर चालू करायची आणि दारे धरायची, म्हणजे एकेका सरीत पाणी वळवायचे आहे. बिबट्या, पिंजरे, नुकसानभरपाई यांवर आपल्या पानांत बरेच छापून येते. टॉर्चवर कोणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

माझा टॉर्च पावसाळाभर फळीवर पडून होता. दिवाळीनंतर चार्जिंगला लावला तर लाल दिवा लागला, उजेड मात्र पाच मिनिटांत पिवळा पडून गेला. जिथून घेतला तो दुकानदार म्हणाला, "ह्याचं काही होत नाही दादा, नवीनच घ्या." बॉडीला एकही स्क्रू नाही, सगळी चिकटवलेली. बाजारच्या दिवशी तालुक्याला बसणाऱ्या कारागिराने ती पाते घालून उघडली. एलईडी ठणठणीत, स्विचही चांगला, मेली होती ती फक्त आतली ४ व्होल्टची शिशाची बॅटरी. ही बॅटरी रिकामी पडून राहिली की तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर बसतो आणि मग ती चार्ज धरत नाही. पावसाळ्यात महिन्यातून एकदा चार्जिंगला लावली असती तर टिकली असती. एवढी एक ओळ खोक्यावर छापायला कंपनीला काय जड जाते? खोक्यावर होते काय, तर 'रेंज २ किलोमीटर'.

त्या मापाची बॅटरी काही मिळाली नाही. जी मिळाली ती थोडी जाड, म्हणून झाकण बसेना. आता टॉर्चला सायकलच्या ट्यूबचे रबर गुंडाळले आहे. दव आत जाते, पण चालतो.

काही जण आत जुन्या लॅपटॉपमधला लिथियमचा सेल बसवून देतात. उजेड झकास पडतो, पण हे करू नये. शिशाच्या बॅटरीचा चार्जर साडेचार व्होल्टच्या वर जातो, आणि लिथियमचा सेल ४.२ व्होल्टला थांबवावा लागतो. स्वस्त टॉर्चच्या चार्जिंगला थांबण्याची सोयच नसते, त्यामुळे सेल फुगतो, पेटही घेतो. मागची पिन ओढून थेट बोर्डात लावायच्या टॉर्चमध्ये बहुतेक वेळा घरच्या विजेचे व्होल्ट कमी करणारा ट्रान्सफॉर्मरही नसतो. तो उघडून, पिन बोर्डात असताना आत हात घालणे म्हणजे घरच्या २३० व्होल्टला हात लावणे.

नवीन घ्यावा तर तिथे दुसरीच जत्रा. नव्या टॉर्चमध्ये येणारा १८६५० नावाचा लिथियमचा सेल, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब, चांगल्यातला चांगला घेतला तरी साधारण साडेतीन हजार मिलिअँपिअर-तासांचा (सेलमध्ये किती वीज मावते त्याचे हे माप) असतो. बाजारात त्याच मापाच्या सेलवर ९९०० छापलेले सर्रास दिसते. हातात घेतला तरी कळते: खरा सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो, हा कागदासारखा हलका. आणि दोन किलोमीटरचा झोत मला कशाला हवा? मण्यार किंवा घोणस असते ती पायापाशी, सरीत. तिथे पसरट, मंद उजेड लागतो. तो डोक्याला बांधलेल्या छोट्या टॉर्चचा बरा, हातही मोकळे राहतात. लांबचा झोत बिबट्यासाठी उपयोगी, कारण त्याचे डोळे उजेडात चमकतात. रानडुकराचे तसे चमकत नाहीत, त्याचे अंगच दिसावे लागते.

आता फवारणीचा बॅटरी पंप बघा. त्याची बॅटरी १२ व्होल्ट ८ अँपिअरची. गेली, तर कुठल्याही कृषी सेवा केंद्रात दुसरी मिळते. चार्जर, मोटर, नोझल, सगळे सुटे मिळते आणि शेतकरी ते घरी बसवतो. कंपन्या वेगवेगळ्या असूनही माप जवळपास एकच राहिले, म्हणून हे जमले. टॉर्चमध्ये का जमू नये? केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, पोर्टल काढले, आणि सुरुवातीच्या चार क्षेत्रांत शेतीची अवजारेही घेतली. अवजार म्हणजे नुसता ट्रॅक्टर नव्हे. ज्याच्यावाचून रात्री बांधावर पाऊल टाकता येत नाही, तो टॉर्चही त्यात धरा.

मेलेल्या बॅटरीचेही बोलायला हवे. शिशाची भंगारवाला वजनावर नेतो. लिथियमची आमच्याकडे कोणी घेत नाही, ती बांधाला किंवा उकिरड्यावर पडते. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. आमच्या बाजारपेठेत त्यासाठी ठेवलेला एक डबाही मला दिसलेला नाही.

मागणी साधी आहे. बॉडीला स्क्रू असावेत, आतल्या बॅटरीचे व्होल्ट, अँपिअर आणि माप बाहेर छापलेले असावे, आणि जो टॉर्च विकतो त्याच्याकडे ती बॅटरीही मिळावी. ज्याला खोट्या आकड्यांचा माल मिळाला त्याने बिल जपून १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. आणि दुकानदारांनीही बिल मागितल्यावर तोंड वाकडे करू नये.

आपला,
एक ऊस उत्पादक, ता. शिरूर, जि. पुणे